शेतातून बालवाडीच्या ताटात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अंगणवाडी सेविका, पाळणाघर चालवणाऱ्या ताई, पालक आणि भाजीपाला पिकवणारे शेतकरी यांच्याकडून आम्हांला पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. जवळच्या शेतातली भाजी बालवाडीच्या ताटात आणायची, मुलांना ती लहानपणीच आवडू लागावी आणि पुढचा लठ्ठपणा टळावा, या उपक्रमाविषयीचे हे प्रश्न आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात सविस्तर आला असेल, तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. शेत आणि बालवाडी जोडायची म्हणजे नेमके काय करायचे?

अंगणवाडी, खासगी बालवाडी, पाळणाघर किंवा कारखान्यातले पाळणाघर, जिथे सहा वर्षांखालील मुले दिवसाचे काही तास घालवतात आणि काहीतरी खातात, तिथल्या स्वयंपाकासाठी लागणारी भाजी, फळे, कडधान्ये आणि अंडी शक्यतो पंचक्रोशीतल्या शेतकऱ्याकडून थेट घ्यायची, ही त्यातली पहिली गोष्ट. दुसरी गोष्ट म्हणजे मुलांनी ती भाजी उगवताना पाहायची, मग ते शेत असो, परसबाग असो किंवा खिडकीतली कुंडी असो. तिसरी, भाजी हाताळणे, हुंगणे, निवडणे आणि चाखणे यांना बालवाडीच्या दिवसात गाण्यागोष्टींइतकेच स्थान द्यायचे. तिन्ही गोष्टी एकाच वेळी सुरू करण्याची गरज नाही. मात्र केवळ खरेदीची जागा बदलली आणि मुलांना त्याचा पत्ताच नसेल, तर अपेक्षित परिणाम साधत नाही. त्याचे कारण प्रश्न ५ मध्ये दिले आहे.

२. आमच्या भागात मुले हडकुळी आहेत. इथे लठ्ठपणाची चिंता कशासाठी करायची?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो आणि तो रास्त आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील मुलांपैकी ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी, तर २५.६ टक्के मुले उंचीच्या मानाने कृश आढळली. त्याच सर्वेक्षणात ४.१ टक्के मुलांचे वजन उंचीच्या मानाने जास्त होते. आकडा लहान दिसतो, पण आधीच्या फेरीत (२०१५-१६) तो १.९ टक्के होता, म्हणजे चारपाच वर्षांत तो दुपटीहून जास्त झाला. जगाच्या पातळीवर युनिसेफने २०२५ मध्ये नोंदवले की ५ ते १९ या वयोगटात लठ्ठ मुलांचे प्रमाण (९.४ टक्के) प्रथमच कमी वजनाच्या मुलांपेक्षा (९.२ टक्के) जास्त झाले आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट आपल्याच मातीतील संशोधनातून पुढे आली आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर मातांचा अभ्यास सुरू केला. तिथे जन्मलेल्या बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील बाळांचे सुमारे ३.५ किलो होते. तरीही, वजनाने इतकी लहान असूनही, आपल्या बाळांच्या अंगात स्नायू कमी आणि चरबी त्या मानाने जास्त टिकून होती. म्हणजे बारीक दिसणारे मूल पुढच्या मधुमेहापासून सुरक्षित आहे, असे धरून चालता येत नाही. अशा मुलाचे केवळ वजन वाढवण्याच्या घाईत साखर, बिस्किटे आणि तळण यांचा मारा केला, तर वाढते ती चरबी. उंची आणि स्नायू मागेच राहतात.

याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली: ज्या माता हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा खात होत्या, त्यांची बाळे जन्मतः मोठी होती. आहारातील एकूण उष्मांकांशी मात्र बाळाच्या आकाराचा तसा संबंध दिसला नाही. खुजे मूल आणि लठ्ठ मूल या दोन वेगळ्या गावांच्या समस्या नाहीत. डाळ, भाजी, फळ आणि अंडे असलेले एकच ताट दोघांच्याही कामाचे आहे.

३. गुटगुटीत मूल आणि लठ्ठ मूल यांतला फरक कसा ओळखायचा?

डोळ्यांनी पाहून ओळखता येत नाही, आणि ओळखण्याचा प्रयत्नही करू नये. आपल्याकडे बाळसे धरलेल्या मुलाचे कौतुक होते, सुदृढ बालक स्पर्धांत तेच मूल पुढे येते, आणि दुसरीकडे नीट वाढणारे पण सडपातळ मूल ‘अंगी लागत नाही’ म्हणून बळेच भरवले जाते. दोन्ही अंदाज चुकतात. एक वर्षानंतर मूल उंच होत जाते आणि पूर्वीपेक्षा बारीक दिसू लागते, हे नैसर्गिक आहे.

पाच वर्षांपर्यंत जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या वाढमानकांनुसार उंचीच्या मानाने वजन पाहतात. ते सरासरीपेक्षा दोन प्रमाण विचलनांहून (सरासरीपासूनचे अंतर मोजण्याचे माप) अधिक वर असेल तर वजन जास्त, आणि तीनहून अधिक वर असेल तर लठ्ठपणा समजतात. अंगणवाडीत वजन आणि उंची ‘पोषण ट्रॅकर’ या सरकारी ॲपमध्ये भरली की वर्गवारी आपोआप मिळते. खासगी बालवाडीने मुलांना जवळच्या अंगणवाडीत किंवा बालरोगतज्ज्ञांकडे नेऊन मोजून घ्यावे.

एक अपवाद लक्षात ठेवावा. पाचवा वाढदिवस झाला की निकष बदलतो: तिथून पुढे वयानुसार बीएमआय (उंचीच्या तुलनेत वजनाचा निर्देशांक) पाहतात, आणि एका विचलनाच्या वर गेल्यास वजन जास्त, दोनच्या वर गेल्यास लठ्ठपणा धरतात. त्यामुळे साडेचार वर्षांचे ‘ठीक’ मूल सव्वापाच वर्षांचे झाल्यावर ‘वजन जास्त’ या रकान्यात गेले, तर घाबरण्यापूर्वी कोणता तक्ता वापरला ते पाहावे.

४. जवळच्या शेतातली भाजी खाल्ल्याने मूल बारीक होते का?

नाही. भाजी किती अंतरावरून आली याचा वजनाशी थेट संबंध नाही, आणि तसा दावा कोणी करत असेल तर त्यावर विसंबू नये. अशा उपक्रमांचा परिणाम मुलांच्या आवडीवर आणि भाजी-फळे खाण्याच्या प्रमाणावर अधिक स्पष्टपणे दिसतो; वजनावरचा परिणाम हळू आणि इतर अनेक गोष्टींवर अवलंबून असतो. झोप, खेळ आणि टीव्ही-मोबाइलचा पडदा यांचा वाटा मोठा आहे. तीन-चार वर्षांच्या मुलाने दिवसभरात किमान तीन तास हालचाल करावी आणि पडद्यासमोर एका तासाहून जास्त बसू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले आहे.

मग शेताचा उपयोग काय? चव याच वयात घडते. जे मूल सहाव्या वर्षापर्यंत दोडका, पालक, मूग आणि काकडी यांना आपले मानू लागते, त्याच्या पोटात पाकिटातल्या खारट-गोड पदार्थांसाठी जागा कमी उरते. शिवाय सकाळी खुडलेला वाटाणा आणि चार दिवसांचा वाटाणा यांच्या चवीत खरोखरच फरक असतो. शेंगेतली साखर खुडल्यापासून पिठूळ होत जाते.

५. मुले भाजीला हातच लावत नाहीत. मग ती ताजी असो वा शिळी, काय फरक पडणार?

लहान मूल अनोळखी पदार्थ नाकारते तो हट्ट नसतो. साधारण दोन ते सहा वर्षे या वयात हा स्वभावच असतो, आणि तो ओळखीने जातो. एखादी नवी भाजी मुलाने स्वीकारण्यापूर्वी ती आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही, त्याच्यासमोर यावी लागते. बहुतेक घरांत आणि बालवाड्यांत तिसऱ्या वेळीच ‘याला आवडत नाही’ असा शिक्का बसतो.

एका बालवाडीत गेल्या हिवाळ्यात शेतकरी आजोबा मुळे घेऊन आले, पाल्यासकट आणि मातीसकट. सतरंजीवर गोल बसलेल्या मुलांच्या मध्ये त्यांनी ते ठेवले. साडेतीन वर्षांच्या एका मुलीने आधी पाला ओढला, मग मुळ्यावरची माती बोटाने खरवडली, हाताचा वास घेतला आणि हात मागे बांधून बसली. त्या दिवशी तिने काही खाल्ले नाही. पुढच्या आठवड्यात तिने मुळे बादलीत धुतले आणि एक चकती जिभेला लावून परत ताटलीत ठेवली. तिसऱ्या आठवड्यात मदतनीस ताईंनी किसलेला मुळा दह्यात कालवला, तेव्हा तिने चमच्याच्या टोकाएवढा घेतला. पाचव्या खेपेला आजोबा दारातून आत येण्याआधीच ती ‘मुळा आला का?’ असे विचारत होती. यात कोणी तिला बळजबरी केली नाही, आणि ‘भाजी खाल्लीस तर चॉकलेट मिळेल’ असेही म्हटले नाही. बक्षिसाने भाजी शिक्षा ठरते आणि चॉकलेटचे मोल वाढते.

थेट शेतकऱ्याकडून घेण्याचा फायदा इथे आहे. हंगामात तीच भाजी आठ-दहा आठवडे सतत येत राहते, आणि मुलाला हवा असलेला वारंवार परिचय आपोआप घडतो.

६. सुरुवात कुठून करावी आणि किती भाजी लागेल?

एका भाजीपासून आणि एका शेतकऱ्यापासून करावी. चाळीस मुलांच्या बालवाडीत प्रत्येकी ५० ग्रॅम कच्ची भाजी धरली तर दिवसाला २ किलो आणि पाच दिवसांना १० किलो लागते. पहिल्या महिन्यात आठवड्यातून एकच वार ठरवावा, त्या वारी त्याच शेतकऱ्याची एक भाजी शिजवावी आणि एक फळ द्यावे. स्वयंपाक करणाऱ्या ताईंना बैठकीत पहिल्यापासून घ्यावे; निवडायला दीड तास लागणारी पालेभाजी मंजूर करणारे आणि ती निवडणारे वेगळे असतील, तर योजना महिन्याभरात थंडावते. गवार आणि मेथीऐवजी दुधी, तांबडा भोपळा, काकडी, गाजर अशा कमी वेळखाऊ भाज्यांनी प्रारंभ करणे शहाणपणाचे.

७. एवढ्याशा दहा किलो भाजीसाठी शेतकरी कशाला येईल?

येणार नाही, आणि त्याने यावे अशी अपेक्षाही अन्यायाची आहे. दहा किलोंसाठी गाडी बाहेर काढली तर पेट्रोलही सुटत नाही. यावर चालणारे दोन उपाय आहेत. पहिला म्हणजे एकाच रस्त्यावरच्या चार-पाच बालवाड्यांनी एकत्र मागणी नोंदवणे. दुसरा, आणि आमच्या अनुभवात अधिक टिकणारा, म्हणजे पालकांना जोडून घेणे. चाळीसपैकी पंचवीस घरांनी आठवड्याला दोन-दोन किलो भाजी बालवाडीच्या दारात घेतली, तर ५० किलो तिथेच होतात. बालवाडीचे १० मिळून ६० किलोंची फेरी शेतकऱ्याला परवडते. मुलाने दुपारी खाल्लेली भाजी त्याच संध्याकाळी घरीही शिजते, हा लाभ वेगळाच.

तिसरी गोष्ट उपाय नव्हे, अट आहे: पैसे वेळेवर. आमच्या पहिल्या वर्षात एका संस्थेने एका भाजीवाल्या शेतकऱ्याचे बिल अडीच महिने थकवले. रक्कम काही हजारांचीच होती, पण त्याच पैशांतून त्याला पुढच्या लागवडीची रोपे आणायची होती. तो काही बोलला नाही, फक्त येईनासा झाला, आणि आम्हांला कळले तेव्हा उशीर झाला होता. तेव्हापासून भाजी उतरली की त्याच दिवशी, फार तर त्याच आठवड्यात, पैसे खात्यावर जमा करायचे, हा नियम आम्ही मोडलेला नाही.

८. भाव कसा ठरवावा?

रोजच्या बाजारभावावर सोडू नये. हंगामापुरता एकच भाव बोलून घ्यावा. शेतकऱ्याला बाजार समितीत हमाली, तोलाई आणि वाहतूक वजा जाता हाती काय पडते, आणि आपण भाजीवाल्याकडे काय देतो, हे दोन्ही आकडे समोर ठेवून त्यांच्या मधला भाव धरावा. समजा, शेतकऱ्याच्या हाती किलोला १२ रुपये पडतात आणि मंडईत ग्राहक ४० रुपये देतो, तर २५ रुपयांत दोघांचे भले आहे. बाजार पडला तरी आपण भाव पाडायचा नाही आणि बाजार चढला तरी शेतकऱ्याने माल दुसरीकडे वळवायचा नाही, हे एका कागदावर लिहून दोघांनी सही करावी. टोमॅटो आणि कांदा यांचे भाव फार हेलकावे खातात. सुरुवातीला ते या करारातून वगळावेत.

९. बाजार समितीला वगळून थेट शेतकऱ्याकडून घेणे कायदेशीर आहे का? त्याला परवाना लागतो का?

कायदेशीर आहे. महाराष्ट्रात २०१६ मध्ये फळे आणि भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून वगळण्यात आला, त्यामुळे शेतकरी तो कोणालाही थेट विकू शकतो. शेतकऱ्याने स्वतः पिकवलेल्या आणि शेतातून दिलेल्या मालाला अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ लागू होत नाही. त्याच कायद्याच्या कलम १८(३) मध्ये तसे स्पष्ट म्हटले आहे. मात्र शेतकऱ्याच्या घरून लोणचे, लाडू, पनीर असे तयार पदार्थ घेतले, तर तो अन्न व्यावसायिक ठरतो आणि नोंदणी लागते. मुलांसाठी शिजवून वाढणाऱ्या खासगी केंद्राने स्वतःची नोंदणी झाली आहे ना, हे आधी पाहावे. खरेदीची साधी पावती, त्यावर तारीख, शेतकऱ्याचे नाव आणि वजन, एवढे जपून ठेवावे. मालाबद्दल शंका आली तर तीच कामी येते.

१०. अंगणवाडीत शिधा तर वरून येतो. तिथे हे कसे जमणार?

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. तिच्यात सहा महिने ते तीन वर्षे वयाच्या मुलांना घरपोच आहार, तर तीन ते सहा वर्षांच्या मुलांना सकाळचा नाश्ता आणि गरम ताजा आहार मिळतो. पाकीटबंद घरपोच आहारात बालवाडीच्या पातळीवर काही बदल करता येत नाही. गरम ताज्या आहारात मात्र वाव आहे, कारण तो गावातच, बहुधा महिला बचत गटाकडून किंवा सेविका-मदतनीस यांच्याकडून शिजतो. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००४ मध्येच आदेश दिला होता की अंगणवाडीच्या आहाराचा पुरवठा ठेकेदारांकडे देऊ नये, आणि शक्यतो गावातील समूह, बचत गट व महिला मंडळे यांच्यामार्फत तो व्हावा. गावच्या शेतातून खरेदी करणे या आदेशाच्या भावनेला धरूनच आहे.

अडचण पैशांची आहे. २०१७ मध्ये ठरलेल्या दरानुसार एका मुलामागे दिवसाला ८ रुपये मिळतात, आणि त्यातून धान्य, डाळ, तेल, इंधन वजा जाता भाजीसाठी फार थोडे उरते. आम्हांला हे मनापासून अपुरे वाटते. म्हणून जिथे हे काम चालले आहे तिथे तीन गोष्टींचा आधार घेतलेला दिसतो. एक, अंगणवाडीची परसबाग; तिला ‘सक्षम अंगणवाडी आणि पोषण २.०’ या कार्यक्रमात पोषणवाटिका म्हणून स्थान आहे. दोन, ग्रामपंचायतीचा निधी किंवा शेतकऱ्यांनी हंगामात आपण होऊन दिलेला वाटा. तीन, आदिवासी क्षेत्रांतील डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना, जिच्यात सात महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलांना आठवड्यातून चार दिवस अंडे, किंवा अंडे न खाणाऱ्यांना केळी दिली जातात. ती अंडी गावातल्याच कोंबड्यांची असतील, तर योजनेचा पैसा गावात राहतो.

कोणताही बदल करण्यापूर्वी पर्यवेक्षिका आणि बालविकास प्रकल्प अधिकारी यांची लेखी संमती घ्यावी. सेविकांवर आधीच नोंदींचे ओझे आहे. हा उपक्रम आणखी एक रजिस्टर होणार असेल, तर तो सुरू न केलेला बरा.

११. शहरातल्या पाळणाघराने शेतकरी कुठे शोधावा?

राज्य कृषी पणन मंडळाच्या ‘संत शिरोमणी श्री सावता माळी शेतकरी आठवडे बाजारा’त शेतकरी गट स्वतः येतात, तिथे दोन-तीन आठवडे खरेदी करून मगच बोलणी करावीत. तालुक्याचे कृषी कार्यालय, ‘आत्मा’ ही कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणा आणि कृषी विज्ञान केंद्र यांच्याकडे भाजीपाला पिकवणाऱ्या गटांची आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांची माहिती असते. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना मातृत्व लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीनंतर पाळणाघराची सोय करणे बंधनकारक आहे. अशा कारखान्यात कामगारांचे उपाहारगृहही असेल, तर दोन्हींची मागणी जोडून शेतकऱ्याला पूर्ण गाडीचा माल देता येतो.

१२. हंगामानुसार आहार कसा आखायचा?

आहाराचे वेळापत्रक आधी छापून मग भाजी शोधण्याची सवय सोडावी. शेतकऱ्याला विचारावे, पुढच्या दोन महिन्यांत काय निघणार आहे, आणि मग तक्ता करावा. हिवाळा सर्वांत सोपा: मेथी, पालक, मुळा, गाजर, वाटाणा, पावटा, हरभऱ्याचा पाला, आणि फळांत पेरू व बोरे (बी काढून). पावसाळ्यात दुधी, दोडका, पडवळ, काकडी यांवर भर द्यावा, कारण पालेभाजीत चिखल आणि अळ्या जास्त. उन्हाळा कठीण, तेव्हा तांबडा भोपळा, मटकी-मुगाची उसळ, ताक आणि कलिंगड यांनी वेळ निभावतो.

प्रत्येक प्रदेशाने आपलेच पाहावे. कोकणात नाचणी, वाल आणि कोकम, मराठवाड्यात ज्वारी आणि तूर, खानदेशात जळगावची केळी, पुरंदरमध्ये अंजीर आणि सीताफळ, डहाणू-घोलवडकडे चिकू. विदर्भातल्या बालवाडीने कोकणातल्या बालवाडीचा तक्ता उचलून वापरला, तर उपक्रमाचा गाभाच निघून जातो. भाकरीला मात्र सर्वत्र जागा द्यावी. तीन वर्षांच्या मुलासाठी नाचणीचे सैलसर आंबील किंवा ज्वारीची लहान, मऊ भाकरी ही पाव आणि बिस्किटापेक्षा कितीतरी उजवी.

१३. जागाच नाही, परसबाग कशी करणार?

पोट भरण्याइतकी भाजी परसबागेतून मिळावी ही अपेक्षा नाही. मेथी तीन-चार आठवड्यांत खुडायला येते आणि फुटक्या टबातही उगवते. बी पेरण्यापासून खुडण्यापर्यंत मुलाने एकदा पाहिले, की तेवढ्यानेही प्रश्न ५ मधला परिचय घडतो. अंगण असेल तर शेवगा आणि कढीपत्ता लावावा. दोन्ही झाडे अनेक वर्षे देत राहतात.

१४. शेतकरी फवारणी करतो. मग सेंद्रियच घ्यावे का?

सेंद्रिय परवडत असेल आणि ‘पीजीएस-इंडिया’सारखे (शेतकरी गटांनी एकमेकांची शेते तपासून दिलेले) प्रमाणपत्र असेल तर उत्तम, पण तेवढ्यासाठी भाजी देण्याचे थांबवू नये. भाजी न खाण्याचे नुकसान मोठे आहे. ओळखीच्या शेतकऱ्याला एक प्रश्न विचारता येतो, जो मंडईत विचारता येत नाही: शेवटची फवारणी कधी केली आणि कशाची? प्रत्येक कीटकनाशकाच्या वेष्टणावर फवारणी आणि काढणी यांमध्ये किती दिवस थांबायचे ते छापलेले असते. ते दिवस भरल्याशिवाय माल पाठवायचा नाही, हे प्रश्न ८ मधल्या कागदावर लिहून घ्यावे. भाजी वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावी. धुण्याने वरचा अंश जातो, आत मुरलेला जात नाही. म्हणूनच थांबण्याचे दिवस महत्त्वाचे.

१५. ताजे असूनही लहान मुलांना काय देऊ नये?

घशात अडकण्याचा धोका सर्वांत गंभीर आहे. अख्खी द्राक्षे, अख्खे शेंगदाणे, फुटाणे, कच्च्या गाजराचे जाड तुकडे, बी असलेली बोरे आणि जांभळे पाच वर्षांखालील मुलांना तशीच देऊ नयेत. द्राक्षे उभी चिरावीत, शेंगदाण्याचे कूट करावे, गाजर किसावे किंवा वाफवावे. मोड आलेली कडधान्ये कच्ची न देता शिजवून द्यावीत. गोठ्यातून आलेले दूध उकळल्याशिवाय देऊ नये. एक वर्षाखालील बाळाला मध चाटवू नये, कितीही शुद्ध असला तरी.

रानभाज्यांबद्दल उत्साहाने विचारले जाते. टाकळा, कुर्डू, करटुली यांची ओळख मुलांना जरूर व्हावी, पण शेवळे आणि अळू यांची खाज नीट काढता येणाऱ्या अनुभवी हातानेच ती शिजवावीत. बालवाडीत मोठ्या प्रमाणावर शिजवायची असल्यास ही दोन वगळलेली बरी.

१६. गूळ, उसाचा रस, फळांचा रस हे तर शेतातलेच. ते चालतील ना?

शेतातून आले म्हणून साखर साखर राहत नाही, असे नाही. गुळात थोडी खनिजे असतात, पण शरीरावरचा भार साखरेइतकाच. एकूण उष्मांकांपैकी दहा टक्क्यांहून कमी वाटा मुक्त साखरेचा असावा, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे. चार-सहा वर्षांच्या मुलाच्या हिशेबात ती दिवसाला साधारण ३० ते ३५ ग्रॅम येते, आणि फळांचा रस, उसाचा रस, गूळ, मध हे सगळे तिच्यात मोजायचे. दोन वर्षांखालील मुलांना वरून साखर मुळीच घालू नये. संत्र्याचा रस देण्यापेक्षा संत्र्याच्या बी काढलेल्या फोडी द्याव्यात. मूल चावते आणि चोथा पोटात जातो. संक्रांतीच्या तिळगुळाला किंवा एखाद्या सणाच्या पुरणपोळीला आमचा आक्षेप नाही. आक्षेप रोजच्या गोडाला आहे.

१७. वाढदिवसाचे केक आणि डब्यातली बिस्किटे यांचे काय करावे?

वर्षाच्या पहिल्या पालकसभेत नियम सांगावा, मध्येच कोणा एका पालकाला नव्हे. वाढदिवसाला पालकांनी शेतकऱ्याकडून एक फळ सगळ्या मुलांसाठी घ्यावे आणि ते वाढदिवसाच्या मुलाने वाटावे, ही प्रथा अनेक ठिकाणी सहज रुजली. शाळेच्या आवारात आणि ५० मीटर परिसरात चरबी, मीठ, साखर जास्त असलेल्या पदार्थांच्या विक्रीला अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या विनियमांनी मनाई केली आहे, हे सभेत सांगितल्यास बोलणे सोपे जाते. मात्र एखादे मूल डब्यात बिस्किटाचा पुडा घेऊन आले, तर तो सर्वांसमोर काढून घेऊ नये. त्या घरात आई पहाटे कामाला जात असेल आणि पाच रुपयांचा पुडा हीच तिची सोय असेल.

१८. एका मुलाचे वजन जास्त आहे आणि शेजारी तीव्र कुपोषित मूल बसते. दोघांना वेगळे वाढायचे का?

ताट एकच ठेवावे. वजन जास्त असलेल्या लहान मुलाचे जेवण तोडू नये, त्याला उपाशी ठेवू नये आणि त्याच्या शरीरावरून कोणी बोलू देऊ नये. या वयात वजन कमी करणे हे उद्दिष्टच नसते, उंची वाढत असताना वजन सावकाश वाढू देणे हे असते. त्याने दुसऱ्यांदा भात मागितल्यास आधी भाजी आणि वरण पुढे करावे. तीव्र कुपोषित मुलाला मात्र याच ताटावर जास्तीचा आहार आणि वैद्यकीय तपासणी लागते. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याच्या २०१३ च्या मूळ परिशिष्टात इतर मुलांसाठी ५०० उष्मांक, तर कुपोषित मुलांसाठी ८०० उष्मांक ठरवले होते, आणि जानेवारी २०२३ च्या दुरुस्तीत सूक्ष्म पोषकांचाही विचार आला. जास्तीचे देताना तूप, शेंगदाण्याचे कूट, अंडे यांनी ताट समृद्ध करावे, साखरेने नव्हे. वर्गवारी कशी करायची ते प्रश्न ३ मध्ये आहे.

१९. पावसाने भाजी सडली किंवा गाडी आलीच नाही तर?

असे वर्षातून चार-पाच वेळा होणारच, म्हणून आधीच ठरवून ठेवावे. तांबडा भोपळा, सुरण, कांदा आणि मटकी-मूग यांचा एका आठवड्याचा साठा ठेवावा. अख्खा भोपळा कोरड्या जागी कित्येक आठवडे टिकतो. त्या दिवशी मंडईतून भाजी आणली तर तो अपराध नाही. शेतकऱ्याचे नुकसान झाले असेल, तर ते मुलांना सांगावे. एका बालवाडीत गारपिटीनंतर मुलांनी चित्रे काढून शेतकरी काकांना पाठवली होती. पुढच्या हंगामात त्यांची काकडी सर्वांत आधी त्या दारात उतरली.

२०. परदेशात असे कुठे होते का? तिथे राहणाऱ्या मराठी पालकांना काय करता येईल?

ब्राझीलने २००९ च्या कायद्याने शालेय आहाराच्या केंद्रीय निधीतील किमान ३० टक्के रक्कम कौटुंबिक शेतीच्या मालावर खर्च करणे बंधनकारक केले, आणि त्यात पाळणाघरांतील मुलेही येतात. अमेरिकेत बालसंगोपन केंद्रांच्या जेवणासाठी संघराज्य सरकार जो निधी देते, त्याच्या ऑक्टोबर २०१७ पासूनच्या नियमांत गोड बेकरी पदार्थ जेवणाचा भाग म्हणून धरले जात नाहीत, आणि रस दिवसातून एकदाच धरला जातो. तिथल्या पालकांनी केंद्राला महिन्याचा आहारतक्ता मागावा आणि जवळच्या शेताची भेट सुचवावी. केंद्रांना शेतांशी जोडणारे कार्यकर्ते बऱ्याच राज्यांत आहेत.

२१. उपयोग झाला की नाही, हे कसे कळेल?

तीन महिन्यांत वजनाचे आकडे बदलावेत अशी घाई करू नये, आणि ते बदलले तरी श्रेय लगेच घेऊ नये. पहिल्या सहा महिन्यांत ताटात काय उरते ते मोजावे: आठवड्यातून एक दिवस, त्याच वारी, उरलेली भाजी एका पातेल्यात काढून वजन करावे आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर आकडा लिहावा. शेतकऱ्याला किती दिवसांत पैसे मिळाले, हा दुसरा आकडा त्याच चौकटीत लिहावा. वाढीची नोंद दर महिन्याला नेहमीसारखी चालू ठेवावी आणि वर्षअखेरीस पर्यवेक्षिका किंवा बालरोगतज्ज्ञ यांच्यासोबत पाहावी. आमच्याकडे एका केंद्रात मेथीच्या दिवशी पहिल्या आठवड्यात पावणेदोन किलोंपैकी किलोभर भाजी परत आली होती; अकराव्या आठवड्यात पातेल्यात दोनशे ग्रॅम होती, आणि मदतनीस ताईंनी ती स्वतःच्या डब्यात भरून घरी नेली.